आरोग्य विम्याचा वाद कसा जिंकावा

देशातील प्रत्येक नागरिकाला सरकारी आरोग्य विमा मिळावा की मिळू नये, या प्रश्नावर मत देण्याची वेळ सुशिक्षित माणसावर वर्षातून दोन-तीनदा तरी येतेच: अर्थसंकल्पाच्या दिवशी, निवडणुकीच्या तोंडावर आणि नात्यातल्या कुणाच्या तरी हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा सगळ्यांच्या कानावर गेल्यावर. अशा वेळी भावनेच्या भरात भलतेच काही कबूल करून बसू नये, म्हणून पुढील सूचना दिल्या आहेत. त्या मुख्यतः विरोध करणाऱ्यांसाठी आहेत, कारण विरोध करणारा माणूस अधिक अभ्यासू दिसतो. समर्थकांचीही थोडी सोय शेवटाकडे केलेली आहे.

वादात उतरण्यापूर्वी आपला स्वतःचा विमा चालू असल्याची खात्री करून घ्यावी. ज्याच्या घरातील आजारपणाचा खर्च परस्पर कुठून तरी भरला जातो, त्यालाच या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणे परवडते. खासगी नोकरीत कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असतो, केंद्र सरकारी नोकरांसाठी १९५४ पासून स्वतंत्र आरोग्य योजना आहे, कारखान्यातील कामगारांसाठी १९५२ पासून कर्मचारी राज्य विमा योजना आहे आणि लोकप्रतिनिधींच्या औषधोपचाराची काळजी तर विधिमंडळे आणि संसद स्वतःच वाहतात. या सर्व व्यवस्था एकाच तत्त्वावर चालतात: धडधाकट माणसाचा वाटा आजारी माणसाच्या कामी येतो आणि आत घेताना कुणाच्या रक्तातील साखर विचारली जात नाही. हेच तत्त्व नाक्यावरच्या भाजीवालीला लावा, असे कुणी म्हणाले की मात्र तो ताबडतोब समाजवाद होतो. हे नेमके कोणत्या पायरीवर होते, असा प्रश्न आला तर ‘तो वेगळा विषय आहे’ असे म्हणून पाणी प्यावे.

पाणी पिऊन झाले की करदात्यांचा मुद्दा काढावा. ‘माझ्या घामाचा पैसा’ हे शब्द वातानुकूलित खोलीतही शोभून दिसतात. भाजीवालीसुद्धा साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर जीएसटी भरते, हे प्रतिपक्षाला आठवण्याआधी ‘प्रामाणिक आयकरदाता’ असा नेमका शब्दप्रयोग करावा. आपण मेडिक्लेमच्या हप्त्यावर जुन्या करप्रणालीत कलम ८० ड खाली पंचवीस हजारांपर्यंत, आणि आईवडील ज्येष्ठ नागरिक असल्यास त्यांच्यासाठी आणखी पन्नास हजारांपर्यंत वजावट घेत आलो असू, तर त्या वजावटीचा उल्लेख टाळावा. ती सवलतही सरकारी तिजोरीतूनच येते आणि ती मिळण्यासाठी आधी हप्ता भरण्याइतके उत्पन्न असावे लागते, हे कुणी लक्षात आणून दिले तर चर्चेचा सूर उगाच बिघडतो.

यानंतर ‘आपला देश गरीब आहे’ हे विधान करावे. ते सत्य असल्यामुळे कुणी अडवत नाही. फक्त त्याच्या शेजारी कोणतेही साल येऊ देऊ नये, कारण ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी आपली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा तिथे साखर आणि मांस रेशनवर मिळत होते, जपानने युद्धात बेचिराख झाल्यावर सोळा वर्षांत, म्हणजे १९६१ साली, सर्वांना विमा दिला आणि थायलंडने २००२ पर्यंत प्रत्येकाला कवच दिले, ज्यात रुग्णाने एका भेटीचे ३० बाट भरले की काम भागे. ही नावे निघालीच, तर ‘त्यांची लोकसंख्या केवढी आणि आपली केवढी’ हे ठेवणीतले उत्तर द्यावे. हीच लोकसंख्या गुंतवणूकदारांच्या परिषदेत देशाचे सर्वांत मोठे बलस्थान असते आणि विम्याच्या गणितात माणसे जितकी जास्त तितका प्रत्येकाच्या माथ्यावरचा धोका विभागला जातो, या दोन्ही गोष्टी त्या क्षणी आठवू नयेत यासाठी थोडा सराव लागतो.

इतिहासाचा आधार घ्यायचा असेल तर तो अर्ध्यावर सोडण्याची कला अवगत करावी. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सार्वजनिक विमा लागू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, इतके ठासून सांगावे. संप २३ दिवसांत मिटला, योजना राहिली आणि १९७२ पर्यंत कॅनडाच्या सर्व प्रांतांनी ती उचलली, हा उत्तरार्ध वेळेअभावी गाळावा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात डॉक्टरांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेला प्रचंड बहुमताने विरोध नोंदवला होता, हेही सांगावे आणि जुलैत काय झाले ते सांगू नये. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते, हे उदाहरण ताजे आणि देशी असल्याने विशेष उपयोगी पडते. अमेरिकेचे नाव मात्र जपून घ्यावे. तिथे अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला, तो समाजवादाचा बागुलबुवा दाखवून हाणून पाडण्यात आला आणि श्रीमंत देशांत सर्वांना कवच नसलेला ठळक देश म्हणून आजही त्याच्याकडेच बोट दाखवले जाते. आपल्या बाजूचा एवढा यशस्वी दाखला असूनही त्याचा आपल्याला फायदा होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

‘फुकट मिळाले की लोक गैरफायदा घेतात’ हा मुद्दा सभा जिंकून देतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी माणसे उभी राहतात की जी दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब अँजिओप्लास्टी करवून घ्यायला निघाली आहेत. हे चित्र अधिक रंगवू नये, कारण रंगवता रंगवता कुणीतरी बीड जिल्ह्याचे नाव काढतो. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांच्या अनावश्यक शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांपैकी अनेकींनी खासगी दवाखान्यात रोख पैसे मोजले होते, काहींनी तर मुकादमाकडून उचल घेऊन. म्हणजे गैरफायदा झाला, पण तो फुकटेपणाचा नव्हता आणि घेणारी बाजूही आपण सांगत होतो ती नव्हती. असा प्रसंग आल्यास ‘डॉक्टरांवरचा विश्वास’ या विषयाकडे वळावे आणि तिथून योगाकडे जावे.

सरकारी व्यवस्थेतील रांगांबद्दल मनसोक्त बोलावे. ब्रिटनच्या प्रतीक्षा यादीवर सत्तर लाखांहून अधिक उपचार तुंबलेले आहेत, हा आकडा खरा आहे आणि तो न अडखळता सांगता आला पाहिजे. परळला टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर बिहार-बंगालपासून आलेले रुग्ण पथारी टाकून झोपलेले असतात, त्याला आपण रांग म्हणत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खासगी विम्यातील प्रतीक्षेला तर रांग म्हणण्याचे काही कारणच नाही, कारण तिथे बसायला सोफा असतो. डॉक्टरांनी सकाळी दहा वाजता ‘आज घरी जाऊ शकता’ असे सांगितलेले असते, पेशंटने घरचे कपडे घातलेले असतात, हातातील सुई काढून तिथे कापूस चिकटवलेला असतो आणि मुलगा टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीसमोर उभा असतो. खिडकीतील मुलगी अत्यंत सौजन्याने ‘सर, क्वेरी आली आहे’ असे म्हणते. रुग्णाला रक्तदाब नेमका कोणत्या वर्षापासून आहे, असा प्रश्न विमा कंपनीने विचारलेला असतो. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले आहे. परंतु शंका निघाली की घड्याळ थांबवायचे, हे कुणी न शिकवताही सर्वांना समजते. संध्याकाळी मंजुरी येते. तेव्हा कळते की पॉलिसीत खोलीचे भाडे पाच हजारांपर्यंत होते, पण त्या रात्री रिकामी खोली आठ हजारांचीच मिळाली होती, म्हणून सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचे भाडेही त्याच प्रमाणात कापले गेले आहे. शिवाय हातमोजे, मास्क आणि फाइलचे पैसे वेगळे. ग्राहकाला स्वातंत्र्य हवे, सरकारी बाबूची मनमानी नको, हा आपला मुद्दा मांडण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. तो त्या खिडकीसमोर उभे राहून मात्र मांडू नये.

आता सर्वांत प्रभावी डावपेच. तो केवळ आपल्याकडेच विकसित झाला आहे आणि त्याचा अभ्यास परदेशी विद्यापीठांनी करावा अशा योग्यतेचा आहे. समोरचा म्हणाला की सर्वांना विमा द्या, तर आपण म्हणावे की विमा काय चाटायचा आहे, आधी जिल्ह्याजिल्ह्यात रुग्णालये बांधा, डॉक्टर नेमा, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध ठेवा. समोरचा म्हणाला की बरे, रुग्णालये बांधा, तर आपण म्हणावे की सरकारने इमारती बांधून काय होणार, ती चालवणार कोण, त्यापेक्षा लोकांना विमा देऊन खासगीत जाऊ द्यावे. दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे बिनतोड आहेत आणि आलटून पालटून वापरली असता काहीही करावे लागत नाही. ब्रिटिश सरकारने आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते की पैसे नाहीत म्हणून कुणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये. १९८३ च्या आरोग्य धोरणाने २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचे ठरवले. २०११ मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने विमा कंपन्यांना मध्ये न घालता करांच्या पैशातून सर्वांना सेवा देण्याची शिफारस केली. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे म्हटले; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि त्या वर्षी एकूण आरोग्यखर्चातील ३९ टक्क्यांहून अधिक वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला होता. पंचाहत्तरहून अधिक वर्षे अहवाल येत राहिले. तेव्हा ‘घाईने निर्णय नको’ हे वाक्य पूर्ण गांभीर्याने उच्चारण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनी एक विशेष खबरदारी घ्यावी. आपल्या राज्यात हा वाद कागदावर केव्हाच संपलेला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्वच कुटुंबांना खुली झाली आणि कवच वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले. गोव्याने तर २०१६ पासूनच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना राज्यातील रहिवाशांना उत्पन्नाची अट न घालता दिली. सार्वत्रिक विमा आपल्या देशात अशक्य आहे, असे पुण्यात किंवा पणजीत बसून सांगणारा माणूस स्वतः त्याचा लाभार्थी असतो. ही माहिती फारशी पसरलेली नाही, हे आपल्या पथ्यावर पडते.

आता समर्थकांविषयी, ठरल्याप्रमाणे. त्यांनी कार्डांची संख्या सांगावी. उपचारांची विचारू नये आणि खाटांची तर मुळीच नको. देशाच्या महालेखापरीक्षकांना २०२३ च्या अहवालात आयुष्मान योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदवलेले आढळले. तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. राष्ट्रीय एकात्मतेचे याहून चांगले उदाहरण समर्थकांना शोधून सापडणार नाही. योजनेत रुग्णालयात भरती झाल्यावरचेच उपचार प्रामुख्याने बसतात, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या बसत नाहीत, याकडेही समर्थकांनी सकारात्मक नजरेने पहावे. औषधाच्या दुकानात जाऊन पट्टीतल्या चारच गोळ्या कात्रीने कापून मागणारी बाई ही योजनेच्या दृष्टीने अजून अस्तित्वातच आलेली नाही. काही वर्षे गोळ्या चुकवल्या आणि मूत्रपिंड गेले की ती रीतसर लाभार्थी होते, कारण डायलिसिस यादीत आहे. तेव्हा हॉस्पिटलच्या दारातील आरोग्यमित्र तिचे रेशनकार्ड पाहतो, छायाचित्र काढतो आणि तिची भर आकडेवारीत पडते.

दोन्ही बाजूंनी पाळायचा नियम एकच आहे: चर्चेच्या ठिकाणी प्रत्यक्ष आजारी माणूस येऊ देऊ नये. तो आकड्यांत बोलत नाही, त्याला ताटकळत ठेवता येत नाही आणि त्याच्या पिशवीतील एक्स-रेच्या पाकिटाकडे सगळ्यांचे लक्ष जाते.

तरीही तो आलाच, समजा आपल्या सोसायटीचाच वॉचमन निघाला आणि त्याच्या मुलीच्या हृदयात छिद्र आहे असे कळले, आणि ज्या हॉस्पिटलने तिला घेतले ते योजनेच्या यादीत नाही असेही कळले, तर सक्तीच्या वर्गणीला तात्त्विक विरोध असलेल्या सभासदांनी स्वेच्छेने वर्गणी काढावी. व्हॉट्सॲप गटावर मुलीचा फोटो, हॉस्पिटलचा अंदाजपत्रकाचा कागद आणि क्यूआर कोड टाकावा. सर्वांनी थोडे थोडे दिले की एकाचे मोठे काम होते, हे अशा वेळी न लाजता लिहिता येते, त्याला कुणी समाजवाद म्हणत नाही. रक्कम कमी पडल्यास आमदारांचे पत्र घेऊन मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करावा. देणगीदारांची यादी रोज संध्याकाळी रकमेच्या उतरत्या क्रमाने टाकत जावी, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांना निकड लवकर समजते; आणि ज्यांनी या विषयावर गटात सर्वांत लांब मजकूर लिहिले आहेत, त्यांना यादी टाकण्याआधी एकदा खासगीत आठवण करावी.