वीरगळाखाली हंडा नसतो

"गावातला वीरगळ म्हणजे गुप्तधनाची खूण" असा एक लांबलचक मेसेज सातारा-सांगलीकडे फिरतोय. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड. परवा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला आणि चुलतभावानं लगेच विचारलं, "मारुतीच्या पारामागचा दगड उपसून बघायचा का?" म्हणून हे लिहावं लागतंय.

म्हणे वरचा कलश म्हणजे सोन्याचा हंडा आणि खालची माणसं राखणदार! वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई आणि पडलेला वीर, कधी शेजारी त्यानं सोडवलेल्या गाई. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंग पूजतो. चंद्र-सूर्य असतात ते त्याची कीर्ती तोवर टिकावी म्हणून. गावासाठी मेलेल्या माणसाचं हे स्मारक, आणि त्याच्याच मुळाशी पहार घालायची?

सतीशिळेवरचा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मारकदगडावरचा हात धनाची दिशा दाखवतो, हा तर कहर. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला तो हात वर आभाळाकडे असतो.

पण खरा संताप आला तो 'पायाळू मूल आणून अवसेला पूजा घाला' या ओळीनं. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं; अशाला पुरलेलं धन दिसतं, ही अंधश्रद्धा. परभणीतल्या मानवतला 1970च्या दशकात बायका-मुलींचे खून पडले, त्यामागे गुप्तधनाचाही नाद होता. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. त्यांचा खून झाल्यावर 2013 साली तो झाला. गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार त्यात गुन्हा आहेत. आणि त्याच साताऱ्यात हा मेसेज पुढे ढकलला जातोय!

जुन्या वाड्यांच्या भिंतींत, शेतांत नाण्यांची मडकी सापडतात, हे मान्य. बँका नव्हत्या, लोक पैसा पुरून ठेवत. पण लपवलेल्या पैशावर अख्ख्या गावाला दिसेल असा कोरीव दगड कोण उभा करेल?

'ज्याची जमीन त्याचं धन' हेही खोटं. 1878 चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर कलम 4 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. लपवलं तर कलम 20 प्रमाणे ज्याला सापडलं त्याचा हिस्सा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर त्याखाली ही दोन कलमं टाका.