शपथ देवळात, उडी विधानसभेत

पक्षांतरबंदी कायदा आणखी कडक केला की पक्षनिष्ठा आपोआप येईल, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटत. गोव्याचंच बघा ना. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रूसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं, पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये! देवाला जमलं नाही ते कायद्याला कुठून जमणार? त्यातून पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की त्याला म्हणायचं ‘विलीनीकरण’. एकट्याने उडी मारली तर आमदारकी जाते, कळपाने मारली तर नाही.

खरं नुकसान वेगळंच आहे. व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की साध्या विधेयकावरही आमदारकी धोक्यात घातल्याशिवाय पक्षाच्या विरोधात मत देता येत नाही. म्हणजे सरकारला जाब विचारायला ज्यांना पाठवलं, त्यांचाच हात बांधलेला. व्हिपचं बंधन विश्वास-अविश्वास ठरावांसारख्या मोजक्याच मतदानांपुरतं ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. कोण ऐकतो? (सत्तेत कोणीही असो, व्हिप सगळ्यांनाच आवडतो.)

आमच्या चौकातल्या पाण्याच्या टाकीवर आमदारांचं नाव आणि पक्षाचं चिन्ह रंगवलं होतं. साहेबांनी पक्ष बदलला, तर आठवड्यात पेंटर शिडी घेऊन हजर. नाव तेच, चिन्ह नवीन. पाणी मात्र अजून दिवसाआडच येतं.