पंचम ऐंशीच्या दशकात संपला म्हणे!

२७ जून आणि ४ जानेवारी, पंचमचा, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मनचा, वाढदिवस आणि पुण्यतिथी, या दोन तारखा जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा, की आर. डी. बर्मनचं खरं काम १९७० ते ७५, पुढची काही वर्षं त्याच पुण्याईवर ढकलली, ऐंशीनंतर चाली सुचेनात, डिस्को आला आणि त्याला कोणी विचारेना, तो स्वतःच्याच जुन्या चाली आणि इंग्रजी गाणी उचलत बसला, मधे गुलजारच्या शब्दांवर एक 'इजाजत' तरून गेला, आणि जाता जाता '१९४२ अ लव्ह स्टोरी' नावाचा चमत्कार झाला. खाली हात जोडलेली इमोजी. आणि लोक 'अगदी खरंय' म्हणून पुढे ढकलतात.

काय खरंय? माझ्या मते या माणसाचा सगळ्यात दुर्लक्षित काळ कुठला असेल तर तो १९८१ ते ८७, आणि तो दुर्लक्षित राहण्यात या असल्या मेसेजांचा मोठा हातभार आहे. तर एकेक मुद्दा घेऊ.

पहिलं म्हणजे 'ऐंशीनंतर चाली सुचेनात'. बरं, फक्त एक वर्ष घेऊ, १९८२. 'सनम तेरी कसम', 'सत्ते पे सत्ता', 'शक्ती', 'ये वादा रहा', 'तेरी कसम', 'बेमिसाल', 'नमकीन', 'अंगूर'. ही पूर्ण यादीसुद्धा नाहीये, आठवली तेवढीच लिहिली. यात 'नमकीन'मधलं आशाताईंचं 'फिर से आइयो' आणि किशोरदाचं 'राह पे रहते हैं' एकाच सिनेमात आहेत, तिकडे 'ये वादा रहा'मधलं 'तू तू है वही' आजही रीमिक्सवाल्यांना सोडवत नाही, आणि हे सगळं बारा महिन्यांत. चाली न सुचणारा माणूस असा असतो का? त्याच्या आदल्या वर्षी 'कुदरत', 'लव्ह स्टोरी', 'रॉकी', 'हरजाई', पुढच्या वर्षी 'मासूम', 'बेताब', 'अगर तुम न होते'. आता यात भरताड अजिबात नव्हतं असं मी म्हणत नाही, वर्षाला डझनाच्या वर सिनेमे घेतले की चार गाणी पाट्या टाकल्यासारखी होणारच, पण ती सत्तरीतही झाली होती, फक्त ती आपण सोयीस्कर विसरलोय आणि ऐंशीतली मात्र लक्षात ठेवलीत.

'कुदरत'चं उदाहरण तर जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. 'हमें तुमसे प्यार कितना' दोनदा येतं, एकदा किशोरकुमार, एकदा परवीन सुलताना. दोन्ही भैरवीत, मुखडा तोच. किशोरकडून गाऊन घेताना पंचमने सगळे दागिने उतरवून ठेवलेत, एकही तान नाही, सरळ बोलल्यासारखं, इतकं की बाथरूममध्ये कुणीही गुणगुणू शकेल. आणि तीच चाल परवीनबाईंकडे गेली की ठुमरी होते, हरकती, मुरक्या, पुकार, आवाज तिन्ही सप्तकांत फिरतो. एकाच चालीत दोन गाणी लपवून ठेवायची आणि कोणत्या गळ्याकडून कोणतं बाहेर काढायचं ते ओळखायचं, हे संपलेल्या संगीतकाराचं काम नाही राव. परवीन सुलतानांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि त्याच वर्षी 'लव्ह स्टोरी'मधल्या 'याद आ रही है'साठी अमित कुमारला. दोन्ही गाणी पंचमची.

अवॉर्डवरून आठवलं, कारण मेसेजमध्ये 'सत्तरीत त्याचा दबदबा होता' असंही असतं. दबदबा होता, शंकाच नाही. पण सत्तरीच्या अख्ख्या दशकात, 'कटी पतंग', 'अमर प्रेम', 'हरे राम हरे कृष्ण', 'कारवां', 'यादों की बारात', 'शोले', 'हम किसीसे कम नहीं' एवढं सगळं करून, संगीतकार म्हणून फिल्मफेअर किती? शून्य. नॉमिनेशनवर नॉमिनेशन आणि बाहुली दुसऱ्याच्या हातात. पहिलं मिळालं ते 'सनम तेरी कसम'ला, दुसरं लगेच 'मासूम'ला. म्हणजे जिवंतपणी मिळालेली दोन्हीच्या दोन्ही त्या तथाकथित संपलेल्या काळातली. अवॉर्डवर कला मोजू नये हे मान्यच, मीही मोजत नाही, पण जे लोक लोकप्रियतेचे आणि मान्यतेचे दाखले देऊन त्याला ऐंशीत संपवतात त्यांनी एवढं तरी बघायला नको का?

आता 'त्याला कोणी विचारेना'. हा मला सगळ्यात विनोदी वाटतो. ऐंशीच्या सुरुवातीला मुंबईत तीन मोठ्या हिरोंना आपापली पोरं लाँच करायची होती. राजेंद्र कुमारने कुमार गौरवसाठी 'लव्ह स्टोरी' काढला, सुनील दत्तने संजयसाठी 'रॉकी', धर्मेंद्रने सनीसाठी 'बेताब'. पोटच्या पोराच्या पहिल्या पिक्चरला बाप माणूस कुणाला बोलावतो? ज्याच्यावर डोळे झाकून भरवसा आहे त्यालाच ना? तिघांनीही पंचमला बोलावलं. आणि तिन्ही पिक्चर चालले, तिन्हींची गाणी गाजली, 'क्या यही प्यार है' वाजलं नाही असं लग्नाचं ऑर्केस्ट्रा त्या काळात नसेल.

मग ओहोटी लागली कधी? लागली, पण नंतर, साधारण १९८५-८६ पासून, आणि कारणं बघितली तर त्यात चाली आटल्या हे कुठेच नाहीये. नासिर हुसेन म्हणजे 'तीसरी मंजिल'पासूनचा हक्काचा माणूस, पण त्याचे 'जमाने को दिखाना है', 'मंजिल मंजिल', 'जबरदस्त' हे तिन्ही ओळीने आपटले. 'जमाने को दिखाना है'मधलं 'होगा तुमसे प्यारा कौन' किंवा 'पूछो ना यार क्या हुआ' ऐका आणि सांगा यात संगीत कुठे कमी पडलं. पण पिक्चर पडला की खापर सगळ्यांवर फुटतं, आणि 'कयामत से कयामत तक'च्या वेळी नासिर हुसेनच्या बॅनरने आनंद-मिलिंद घेतले. पुढे सुभाष घईचा 'राम लखन' हातातून गेला. १९८७ च्या ऑक्टोबरात किशोर कुमार गेला, ८८ मध्ये स्वतःला हार्ट अटॅक आला. हे सगळं तीन वर्षांच्या आत. याला 'डिस्कोने संपवलं' म्हणणं म्हणजे आपली सोय झाली, वस्तुस्थिती नाही.

कॉपीचा मुद्दा. हा काढणारे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. 'मेहबूबा मेहबूबा' कुठल्या साली? १९७५. त्याच्या मागे डेमिस रूसोसचं गाणं आहे हे आता सगळ्यांना माहिती आहे. 'मिल गया हमको साथी' १९७७, ते ॲबाचं. 'चुरा लिया है'ची सुरुवात १९७३, तीही एका इंग्रजी पिक्चरमधून. म्हणजे उचलाउचलीवरून मार्क कापायचे तर आधी सुवर्णकाळाचे कापावे लागतील. ऐंशीतही 'परिंदा'चं 'तुमसे मिलके' लिओ सेयरच्या गाण्यावरून आलंय, मी लपवत नाही, पण मग दोन्हीकडे एकच फूटपट्टी लावा.

आणि स्वतःच्या घरातलं उचलण्याबद्दल म्हणाल तर 'सागर किनारे'. हो, त्याचं मूळ वडिलांच्या, म्हणजे सचिनदांच्या १९५१ च्या 'ठंडी हवाएं'मध्ये आहे, आणि तोच धागा 'अगर तुम न होते'च्या टायटल साँगमध्येही आहे. आता ही तीन गाणी एकामागोमाग लावून ऐका. आपल्याकडे एकाच रागात शंभर बंदिशी झाल्या तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही, इथे तर एकाच घरातली एक ओळ तीस वर्षांनी दोन वेगळ्या अंगांनी वाढलीये. बापाचं गाणं हलकं, झुळूक आल्यासारखं, आणि मुलाची दोन्ही संथ, किशोरच्या खालच्या पट्टीतल्या आवाजावर बेतलेली. किशोरला या दोन्ही गाण्यांसाठी फिल्मफेअर मिळालं, एकदा १९८४ ला, एकदा ८६ ला.

आता 'गुलजारच्या शब्दांवर तरून गेला'. इथे मला खरंच राग येतो, कारण 'मेरा कुछ सामान' हे गाणं म्हणून कागदावर बघा. मुक्तछंद. ओळी लहानमोठ्या, यमक नाही, ठेक्यात बसवायची सोय नाही. पंचमने ते वाचून 'उद्या तू टाइम्स ऑफ इंडिया आणशील आणि म्हणशील याला चाल लाव' असं गुलजारला सुनावलं हा किस्सा खुद्द गुलजारनेच कितीदा तरी सांगितलाय. म्हणजे शब्दांनी चालीला तारलं नाही, उलट शब्दांनी चालीची वाट अडवली होती! त्यातून त्याने काय केलं, तर ओळ जिथे संपते तिथे तिला संपू दिलं, पुढची ओळ लांब असेल तर चालही लांबवली, आणि ऐकणारा हरवू नये म्हणून दर कडव्याच्या शेवटी 'लौटा दो' या एका जागेवर आणून सोडलं. बाकी सगळं मोकळं आणि ती एक जागा पक्की. राष्ट्रीय पुरस्कार आशाताईंना मिळाला, गुलजारला मिळाला, आणि ज्याने हे उभं केलं त्याला काहीच नाही. तेव्हा 'शब्दांमुळे चाललं' हा समज आजचा नाहीये, थेट तेव्हापासूनचा आहे.

त्याच 'इजाजत'मध्ये 'कतरा कतरा' आहे, ते हेडफोन लावूनच ऐकायचं. आशाताईंचे दोन आवाज आहेत त्यात, एक ओळ संपायच्या आत दुसरा आवाज तिच्यावर चढतो, जणू त्या स्वतःशीच गातायत. हा प्रयोग पंचमने १९६७ च्या 'बहारों के सपने'मध्ये लतादीदींकडून 'क्या जानूं सजन'साठी करून घेतला होता. वीस वर्षांनी पुन्हा तीच युक्ती, पण तिकडे ती ऐकताना चकित करते आणि इथे कळतही नाही, गाण्यात विरघळून गेलीये. हे प्रगती म्हणायचं की उतरण, तुम्हीच ठरवा.

शिवाय गुलजार बाजूला ठेवा. 'सत्ते पे सत्ता', 'सनम तेरी कसम', 'अगर तुम न होते' गुलशन बावराचे, 'बेताब' आणि 'सनी' आनंद बक्षींचे, 'सागर' आणि 'अर्जुन' जावेद अख्तरचे. 'सनी'मधलं 'जाने क्या बात है' ऐकलंय का कधी? लतादीदी, १९८४. नसेल ऐकलं तर आधी ते ऐका, मग वाद घालायला या.

बरं, गाणी सोडा. पार्श्वसंगीताबद्दल तर कोणी बोलतच नाही. 'सत्ते पे सत्ता'मध्ये दुसरा अमिताभ, तो बाबू, पडद्यावर येतो तेव्हा मागे एक विचित्र गुळगुळ आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. ते वाद्य नाहीये. ॲनेट पिंटो नावाच्या गायिकेला पंचमने माइकसमोर घशात पाणी धरून गुळण्या करायला लावल्या होत्या, सुरात! 'मासूम' घ्या, तिथे 'लकडी की काठी'साठी पोरींचेच आवाज घेतले, मोठ्या गायिकेला लाडिक आवाज काढायला लावला नाही, म्हणून ते गाणं आजही बालवाडीच्या स्नेहसंमेलनात टिकून आहे (पडद्यावर उड्या मारतेय ती आपली उर्मिला मातोंडकर). आणि त्याच सिनेमात भूपिंदर आणि आपले सुरेश वाडकर 'हुजूर इस कदर' गातात, इतक्या आरामात की दोन माणसं कट्ट्यावर बसून गाताहेत असं वाटतं.

मग एवढं असून हा काळ विसरला कसा गेला? कारण सोपं आहे, सिनेमे विसरले गेले. 'जीवा' कोणी पाहिलाय? पण 'रोज रोज आंखों तले' त्यातलं आहे. 'हरजाई'ची गोष्ट कुणाला आठवते? 'तेरे लिए पलकों की झालर बुनूं' मात्र आठवतं. 'लिबास' तर कधी धड थिएटरात लागलाच नाही, 'सिली हवा छू गई' नुसत्या कॅसेटवर जगलं. सत्तरीतल्या गाण्यांमागे राजेश खन्ना होता, 'शोले' होता, टीव्हीवर तेच सिनेमे पुन्हा पुन्हा लागले, आणि ऐंशीतल्या गाण्यांना हे पाठबळ मिळालंच नाही.

राहिला '१९४२'चा चमत्कार. चमत्कार म्हटलं की मधली वर्षं आपोआप कोरी होतात, ही यातली खरी गोम आहे. '१९४२'चा दिग्दर्शक विधू विनोद चोप्राला स्वप्न पडलं नव्हतं पंचमला बोलवायचं. त्याने १९८९ मध्ये 'परिंदा' केला होता पंचमबरोबरच, त्यात सुरेश वाडकर-आशाताईंचं 'प्यार के मोड पे' आहे, आणि त्याला माहीत होतं की माणूस कुठेही गेलेला नाही. वादकही तेच होते, मनोहारी सिंग सत्तरीपासूनचे, संतूरवर आपले उल्हास बापट कितीतरी वर्षांपासूनचे. 'कुछ ना कहो' ऐकून 'पंचम परत आला' म्हणणाऱ्यांनी त्याच्या आधी 'खामोश सा अफसाना' लावून बघावं, 'लिबास'मधलं. तोच संथपणा आहे, वाद्यांची तीच काटकसर आहे. फक्त '१९४२'च्या वेळी पिक्चर मोठा होता, जाहिरात जोरात होती, आणि पंचम जानेवारीत गेला होता, तेव्हा कौतुक करायला कुणाचं काही जात नव्हतं.

साठच्या दशकातल्या गाण्यांचे दर्दी आता म्हणतील की 'भूत बंगला' आणि 'पडोसन' यापेक्षा जास्त दुर्लक्षित आहेत. 'पडोसन' दुर्लक्षित? 'एक चतुर नार'वर चाळीचाळीत नकला झाल्यात हो. 'भूत बंगला'चं म्हणाल तर थोडं मान्य, त्यावर वेगळं भांडू.