घरमाशी चावत नाही, आणि वाढून हिरवीही होत नाही

‘पावसात घरमाशी चावू लागते, वाळत्या बोंबलांवरच्या हिरव्या माश्या म्हणजे तीच मोठी झालेली,’ असा मेसेज सध्या कोकणात फिरतोय. दोन्ही चूक.

घरमाशी साधारण ६ ते ७ मिमी, करडी; पाठीवर ४ काळे उभे पट्टे. तिची सोंड मऊ, टोकाला स्पंजासारखी. घन अन्नावर ती लाळ सोडते, ते विरघळवते आणि शोषते. कातडी भेदायला तिच्याकडे काही नाहीच. पायाला कडकडून चावते ती गोठ्यातली दुसरी माशी. दिसायला जवळपास तशीच, म्हणूनच घोटाळा. पण तिची सोंड काळी, टणक, डोक्यापुढे सुईसारखी आलेली असते आणि पोटावर गोल ठिपके असतात. ओल्या, कुजक्या पेंढ्यात ती वाढते. नुसतं शेण उचलून भागत नाही, गव्हाणीखालचा पेंढाही काढा, दर आठवड्याला.

हिरवी चकचकीत माशी तर वेगळ्याच कुळातली. कोषातून बाहेर पडून पंख वाळले की माशी वाढत नाही. लहान माशी म्हणजे पिल्लू नव्हे. बहुधा अळी असताना उपाशी राहिलेली.