मागच्यासारखंच

सरांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलो होतो. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मोबाईलच्या दोन काड्या तिथंच येतात. तिसरी पाहिजे असेल तर टाकीवर चढावं लागतं, आणि ते आई करू देत नाही.

"ते डब्ल्यूआरएफ तूच टाकलं होतंस ना मशीनवर?" सर म्हणाले. "नवीन मुलगी आलीय पीएचडीला. तिला नव्या मशीनवर टाकायचंय. तू फक्त कमांड लिहून दे. दोन तासांचं काम."

मे महिना होता. मी हो म्हणालो, त्याचा दोष मी उन्हाला देतो.

डब्ल्यूआरएफ म्हणजे हवामानाचा अंदाज काढायचं मॉडेल. अमेरिकेतल्या बोल्डरच्या संस्थेनं इतरांसोबत मिळून केलेलं, बरंचसं फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, जगभर वापरतात आणि फुकट मिळतं. पण मिळतं कसं, तर शर्ट मागितला की कापसाचं गाठोडं हाती यावं तसं. सरकी काढण्यापासून काजं करण्यापर्यंत सगळं आपलं आपण. आधी झेडलिब नावाची लायब्ररी, म्हणजे मॉडेलला लागणारा दुसऱ्यांचा तयार कोड, बसवायची, त्यावर एचडीएफ-५, त्यावर नेटसीडीएफची सी-वाली लायब्ररी, मग तिची फोर्ट्रानवाली बहीण, आणि शेवटी या सगळ्यांच्या डोक्यावर डब्ल्यूआरएफ. दोघी बहिणी एकाच फोल्डरात नांदल्या पाहिजेत, कारण डब्ल्यूआरएफ एकच पत्ता विचारतं. प्रत्येक लायब्ररीला मंत्र तेच तीन: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. मेक हे १९७६ सालचं, बेल लॅब्जमधलं. माझ्याहून वयानं मोठं, म्हणून मी त्याला मनातल्या मनात अहोजाहो करतो. खरी गंमत पहिल्या मंत्राच्या पुढे दोन-दोन डॅश देऊन जे लिहायचं असतं त्यात आहे. कुठं बसवायचं, फोर्ट्रान चालू ठेवायचं का, कोणता कंपायलर (म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा). ते चुकलं की चूक तिथं दिसत नाही, तीन लायब्रऱ्या पुढे गेल्यावर दिसते.

तर हे सगळं मी मागच्या वर्षी केलं होतं आणि ते चालतही होतं. म्हणजे मला माहीत असणारच.

पहिले मी टर्मिनलची हिस्टरी उघडली. त्या मशीनवर शेवटच्या हजार कमांड राहायच्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त 'एलएस' होत्या. मी एक फोल्डर उघडतो, त्यात काय आहे ते पाहतो, पुन्हा पाहतो, बाहेर येतो, आणि जाता जाता परत एकदा पाहतो. घराला कुलूप लावून चार वेळा ओढून बघणाऱ्या माणसाचा इतिहास होता तो. कॉन्फिगरची एकही ओळ त्यात उरली नव्हती.

मग माझी नोंदींची फाईल सापडली. नाव 'नोट्स फायनल २'. आतला सगळा मजकूर देतो:

"झेडलिब – नेहमीसारखं.
एचडीएफ-५ – नेहमीसारखं, फक्त ते फोर्ट्रानवालं चालू करून.
नेटसीडीएफ – पाथ दिला. झालं!!!
डब्ल्यूआरएफ – मागच्यासारखंच."

तीन उद्गारचिन्हं पाहून मला त्या दिवशीच्या 'मी'चा हेवा वाटला. किती आनंदात होता तो माणूस. समोर असता तर कानाखाली दिली असती.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कॉन्फिगर हा प्रकार स्वतःच आपली रोजनिशी लिहितो. कॉन्फिग-डॉट-लॉग नावाच्या फाईलीत, अगदी वरच्या ओळींत, आपण काय कमांड दिली होती ती जशीच्या तशी उतरवून ठेवतो. म्हणजे मी लिहिलं नव्हतं तरी यंत्रानं लिहिलं होतं. पण ती फाईल असते मूळ कोडच्या सोर्स फोल्डरात, आणि डिस्क भरली म्हणून ते सगळे फोल्डर उडवले होते. कोणी उडवले? मीच, आणि ती कमांड मात्र हिस्टरीत अगदी ठळक होती.

थोडंफार हाती लागलं ते बसवलेल्या लायब्रऱ्यांनाच विचारून. एचडीएफ-५ आपल्या लिब फोल्डरात सेटिंग्जची एक फाईल ठेवून जातं, आणि नेटसीडीएफला 'एनसी-कॉन्फिग, डॅश डॅश ऑल' असं विचारलं की ते आपली सगळी कुंडली सांगतं. त्यावरून जमवत जमवत मी कमांड लिहिल्या आणि नव्या मशीनवर रिकाम्या फोल्डरात चालवून पाहू लागलो.

आता इथं गावठाणाच्या लाईनीचा संबंध येतो. मशीन होतं दूर शहरात, मी होतो टाकीजवळ, आणि मधात आमचा राउटर. डब्ल्यूआरएफ कंपाईल व्हायला अर्धा तास तर सहज लागतो. पंचविसाव्या मिनिटाला डीपीवर काहीतरी फुटलं, लाईट गेली, राउटर गेला, माझं कनेक्शन तुटलं, आणि त्यासोबत तिकडचं कंपाईलही मेलं. कनेक्शन तुटलं तरी तिकडचं काम चालू ठेवणारं टीमक्स आधी चालू करून काम करायची अक्कल मला तिसऱ्यांदा लाईट गेल्यावर आली. तोवर आईनं खालून दोनदा विचारलं होतं, "एवढं दोन तासाचं काम, तीन दिवस कसं पुरलं रे?"

लाईट आली तर कंपायलर अडला. जुन्या मशीनवर जीसीसी या कंपायलरची नववी आवृत्ती होती, नव्यावर त्याहून पुढची. २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून त्यातला फोर्ट्रानचा कंपायलर, जीफोर्ट्रान, कडक झालाय. एकाच सबरूटीनला कधी पूर्णांक, कधी दशांश संख्या दिलेली त्याला खपत नाही. आधी नुसता कुरकुरायचा, आता सरळ एरर देतो. त्याला 'चालू दे बाबा' सांगणारा एक फ्लॅग आहे, पण मागच्या वर्षी तो लागलाच नव्हता. म्हणजे माझ्या नोंदी अगदी चोख असत्या तरी 'मागच्यासारखंच' करून भागलं नसतं.

वैतागून संध्याकाळी काकाजींसोबत वावरात गेलो.

"काय करून राहिला बे दिवसभर गच्चीवर?"

"सॉफ्टवेअर कसं बसवलं ते लिहून राहिलो, काकाजी."

"तूच बसोलं होतं ना?"

"हाव."

"मंग इसरला कसा?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी मोटारीच्या खोलीत शिरलो. लहानपणापासून पाहत आलेली ती भिंत मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. स्टार्टरच्या बाजूला, काकाजींच्या तिरप्या अक्षरात, कोळशानं लिहिलं होतं:

"लाल डावीकडं, पिवळी मंधात, निळी उजवीकडं.
निळी-पिवळी बदलली का मोटर उलटी फिरते. पानी येत नाई.
रिले १२ वर. १४ वर ठेवू नये. एकदा ठेवला. कॉइल जळाली. ३८०० लागले."

"हे जळाल्याचं कायले लिहिलं, काकाजी?"

"दुसऱ्यानं जाळली तं त्याले बोलता येते. मीच जाळली होती. आता कोनाले बोलू?"

त्या रात्री मी सगळी फाईल पुन्हा लिहिली. कंपायलरची आवृत्ती पहिल्या ओळीत घेतली. डब्ल्यूआरएफचं कॉन्फिगर आकड्यांची भलीमोठी यादी दाखवून कोणता पाहिजे विचारतं, तिथं लिहिलं: "३४ द्या. आवृत्ती बदलली तर आकडा बदलू शकतो, म्हणून समोर जीएनयू (म्हणजे आपला जीसीसी) आणि डीएमपार (म्हणजे काम अनेक कोअरवर वाटून) लिहिलेलं पाहूनच द्या. ३२ देऊ नये. एकदा दिला. सोळा कोअरच्या मशीनवर एकटा कोअर राबत होता, बाकीचे पंधरा पारावर बसलेले. दोन दिवस कळलं नाही." लायब्रऱ्यांचे पत्ते वगैरे जे एक्स्पोर्ट करून सांगायचं ते टर्मिनल बंद झालं की उडतं, तेही लिहिलं. शेवटी "एक्झिक्युटेबल्स सक्सेसफुली बिल्ट" अशी ओळ लॉगमध्ये दिसल्याशिवाय चहा प्यायला उठू नये, असंही.

दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचा फोन. पोरगी दारव्ह्याकडची.

"दादा, तुम्ही लिहिलं तसंच केलं न मी. पहिल्याच ओळीले नाही म्हणून राहिलं."

तासभर गेला तेव्हा उमगलं. मी फाईल वर्डमध्ये केली होती, दिसायला छान म्हणून. वर्डनं माझ्या दोन-दोन डॅशांची एक-एक लांब रेघ केली होती, सरळ अवतरणचिन्हं वाकडी केली होती, आणि ओळीच्या सुरुवातीचं 'मेक' कॅपिटल अक्षरानं शुद्ध करून दिलं होतं. लिनक्सला शुद्धलेखन कळत नाही. मी साधी टेक्स्ट फाईल पाठवली, आणि तीत सगळ्यात वर नवी ओळ घातली: "वर्डमध्ये उघडू नये. एकदा उघडली."

रात्री नऊला तिचा मेसेज आला. चौतीस चाललं होतं.

दिवाळीत पुन्हा गावी गेलो. हरभऱ्याचं ओलित चालू होतं आणि मोटर बंद पडली होती. काकाजी मोटारीच्या खोलीत उभे, मेकॅनिक पोट्टा वायरी हातात धरून बसलेला. घराच्या रंगरंगोटीतून उरलेला चुना काकूनं वाया जाऊ दिला नव्हता. स्टार्टरच्या बाजूची भिंत दुधासारखी पांढरी झाली होती.

"तुह्या फोनात फोटो असन ना बे हिचा?" काकाजींनी मला विचारलं.

नव्हता.

ते बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले. मग पोट्ट्याकडे वळून म्हणाले, "कर न मंग. मागच्यावानीच."