दुबार तुटक रेषा

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, हे मी बीड शहरात आजवर निदान पन्नास जणांना समजावून सांगितले असेल. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, परंतु त्या सायकलीच्या २८ मिलिमीटरच्या टायरऐवजी ४० मिलिमीटरचे जाड टायर, आत ट्यूब नाही, हवा बेताची म्हणजे ३५ ते ४० पाउंड, आणि ही सगळी मांडणी कशासाठी, तर डांबर नसलेल्या खडीच्या आणि मुरमाच्या वाटांवर, मोटारींच्या त्रासाविना दूरवर जाता यावे यासाठी. समोरचा सगळे शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एकच विचारतो, "म्हणजे चांगला रस्ता सोडून खराब रस्त्यानं जायला एवढे पैसे घातले?" सायकलीची किंमत मी घरी निम्मी आणि बाहेर पाऊणपट सांगत असल्यामुळे 'एवढे' म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नसते, तरीही प्रश्न बिनतोड असतो.

आता चांगला रस्ता म्हणजे सोलापूर-धुळे महामार्ग. बीडहून दक्षिणेला निघाले की तो मांजरसुंब्याच्या घाटाने बालाघाटाच्या पठारावर चढतो, आणि त्या चढावर माझा वेग ताशी ८ किलोमीटर व मागच्या कंटेनरचा हॉर्न अखंड असल्यामुळे, माथ्यावर पोहोचेपर्यंत निसर्गाविषयीचे माझे सगळे प्रेम गळून पडलेले असते. म्हणून मी वाहनमुक्त वाटांच्या शोधाला लागलो. पाटोदा तालुक्यातल्या गौखाडीजवळ उगम पावलेल्या मांजरा नदीला पुढे ७२४ किलोमीटर वाट मिळते आणि त्याच पठारावर मला ४० किलोमीटर मिळू नये, हे मनाला पटत नव्हते.

परदेशात अशा वाटांची मोठी हौस आहे. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात २००६ सालापासून खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत होते आणि तिच्यासाठी लोक विमानाने येतात. आपल्याकडे ग्रामीण रस्ता मातीकाम, खडीकरण, मजबुतीकरण आणि डांबरीकरण अशा चार आश्रमांतून जातो, आणि दुसऱ्या आश्रमात तो गृहस्थासारखा इतका रमतो की पुढचे दोन त्याला आठवतच नाहीत. त्या हिशेबाने मराठवाडा हा या सायकलीचा स्वर्ग ठरायला हवा. परंतु रोलर न फिरवता नुसती पसरून ठेवलेली खडी सायकलस्वाराला पुढे जाऊ देत नाही, फक्त जागच्या जागी हलवते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून बरेच रस्ते चौथ्या आश्रमापर्यंत पोहोचले, आणि त्यांतल्या काहींनी संन्यास पुरता मनावर घेऊन, अंगावरचे डांबर टाकून, पुन्हा मुरमात विलीन होणे पसंत केले. सायकलस्वार म्हणून मला हेच रस्ते सर्वांत आवडतात, हे मी त्या गावांत कधी बोललेलो नाही.

उपग्रहाच्या नकाशावर प्रत्येक बांध रस्त्यासारखाच दिसतो, म्हणून मी महसुली गाव नकाशे मिळवले. या नकाशांत गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. कागदावर पठारभर दुबार तुटक रेषांचे जाळे पसरलेले पाहून मला रात्री झोप लागली नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी टेम्पोत घालून सायकल वर नेली आणि सकाळी साडेसहाला त्यांतल्या एका रेषेवर तिला सोडले. पहिले २ किलोमीटर ती रेषा खरोखर सोळा फूट होती. पुढे आठ झाली, मग चार, आणि एका विहिरीच्या वळणानंतर रस्त्याच्या जागी कपाशी उभी होती. दोन्हीकडच्या बांधांनी वर्षानुवर्षे एकमेकांकडे सरकत शासनाची दुबार रेषा एकेरी केली होती आणि एकेरी पुसून टाकली होती.

मी थांबून हँडलवरच्या यंत्रात पाहिले, आणि तिथेच चुकलो. कापूस वेचणारे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांना उभे राहिलेले पाहून पलीकडच्या रानातून दुसरे लगबगीने आले.

"मोजणीवाले का?"

मी नाही म्हणालो. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, हँडलवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र आणि खिशात त्यांच्याच शिवाराचा नकाशा असलेल्या माणसाने नाही म्हणणे त्यांना होकाराहून अधिक संशयास्पद वाटले. दोघे चुलतभाऊ निघाले. रस्ता कोणी आधी नांगरला, याविषयी त्यांचे प्रकरण तहसीलदारांपुढे चालू होते, आणि अडवलेली वाट मोकळी करून देण्याविषयीच्या मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ विषयी जेवढे ज्ञान मला त्या बांधावर पाऊण तासात मिळाले, तेवढे मिळवायला एरवी वकिलाची फी भरावी लागली असती. "साहेब, तुम्ही काहीच करू नका, फक्त बघितलंय एवढं लिहून द्या," असा थोरल्यांचा आग्रह होता. धाकट्यांनी यंत्रावर बोट ठेवून विचारले, "ह्याच्यात आमचा बांध कुठवर दाखवायला?" यंत्रावर त्या वेळी माझ्या हृदयाचे ठोके दिसत होते, १६२. तो आकडा त्यांनी फुटांत घेतला की मीटरमध्ये, हे मला आजही माहीत नाही; परंतु त्यांचा चेहरा उजळला आणि थोरल्यांचा पडला.

निघताना धाकट्यांनी सीताफळे दिली. एकाची घेऊन दुसऱ्याची नाकारली तर निकालावर परिणाम होईल, अशा बेताने थोरल्यांनीही दिली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु सायकलच्या जर्सीला पाठीवर तीनच खिसे असतात आणि फळे हाताळताच उकलतील अशी पिकलेली होती.

पुढे पवनचक्क्यांचा रस्ता लागला. पवनचक्कीचे एक पाते वाहून आणायचे तर वळणे मोठी आणि मुरूम घट्ट दाबलेला लागतो, आणि एकदा ती उभी राहिली की त्या रस्त्यावर सहसा कोणी फिरकत नाही. दोन्ही बाजूंना कोवळी ज्वारी, वर पात्यांची संथ घरघर आणि चाकाखाली मुरमाचा बारीक कुरकुराट. त्या ६ किलोमीटरांविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण तिथे काहीही घडले नाही, आणि मी तेवढ्याचसाठी आलो होतो. रस्ता अर्थातच पवनचक्कीपाशी संपला.

तिथून खाली उतरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या वाटेवर सराटे होते. सराट्याचे फळ वाळले की पाच तुकड्यांत फुटते, प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे असतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडे राहतो. निसर्गाने बहुधा टायरचा शोध लागण्याची वाट पाहत ही रचना करून ठेवली असावी. पुढच्या चाकात मी अकरा काटे मोजले. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये एक पांढरा द्रव भरलेला असतो आणि तो छिद्रातून बाहेर येऊन, सुकून, छिद्र बुजवतो. एकेक काटा उपटावा तशी एकेक बारीक पांढरी धार उडू लागली. मेंढ्या वळत असलेला म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून हे सारे निरखत होता. सातव्या काट्याला तो म्हणाला, "दूध चांगलं द्यायली की."

पाण्यासाठी मी खालच्या वस्तीवर गेलो. इथवरची वाट खरोखरच वाहनमुक्त होती. ती तशी का होती, ते इथे कळले. ओळीने दहा-बारा घरांना कुलपे होती. दसरा झाला की इथली माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. एका ओट्यावर आजी दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. रस्त्याला गाडी कशी नाही, असे मी बोलण्याच्या ओघात म्हणालो. "गाड्या कारखान्यावर गेल्या की, माणसं घेऊन," आजी म्हणाल्या आणि माझी बाटली काठोकाठ भरून दिली. दोन सीताफळे मी पोरांना दिली. ती त्यांच्या झाडालाही होतीच, पण त्यांनी घेतली.

शेवटचा टप्पा खोलगट काळ्या रानातून होता. लाईट रात्रीची असल्यामुळे कोणीतरी रात्रीच ज्वारीला पाणी दिले होते आणि दंड फुटून ते वाटेवर आले होते. काळ्या मातीला पाणी लागले की ती फुगते आणि जे भेटेल त्याला धरते. चाळीस पावलांत चाकांची आणि चौकटीची एकच ढेप झाली. कुंपणातली तुराटी काढून मी कोरत बसलो. जेवढी माती सायकलीची निघाली, त्याहून अधिक माझ्या बुटांना लागली. तरीही जोर लावून पायडल मारले, तेव्हा मागचा गिअर ढेकळासकट स्पोकमध्ये शिरला आणि काडकन मोडला.

तासाभराने सोयाबीनची पोती घेऊन बीडच्या मोंढ्याकडे निघालेला ट्रॅक्टर आला. चालवणारा पोरगा विशीतला होता. त्याने सायकल एका हाताने उचलली, "काका, हिच्यात वजनच नाही, लाखाची कामून म्हणायलेत लोक?" असे विचारले आणि ती पोत्यांवर आडवी टाकली. शेजारी मी पाठ टेकली, तेव्हा उरलेल्या सीताफळांचा निकाल लागला. मांजरसुंब्याचा घाट आम्ही महामार्गानेच उतरलो. मागे चार कंटेनर हॉर्न वाजवत होते आणि पोरगा त्यांना जागा देत नव्हता. मला त्याचा स्वभाव फार आवडला.

घरी आल्यावर ध्यानात आले की यंत्र बंद करायचे राहून गेले होते. शेवटच्या ३० किलोमीटरांत मी माझा आजवरचा वेगाचा विक्रम मोडल्याबद्दल त्याने माझे अभिनंदन केले होते आणि ही बातमी माझ्या सगळ्या सायकलमित्रांना परस्पर कळवलीही होती. पुण्यातल्या एका जाणत्या सायकलपटूने विचारले आहे की, हृदयाचे ठोके अवघे ७४ ठेवून एवढा वेग देणारी ही वाट नेमकी कोणती. मी त्यांना गाव नकाशा पाठवून दिला आहे.