नमस्कार मंडळी म्हणेपर्यंत अर्धी मंडळी गेलेली असतात

मी पिशव्या शिवते. कापडी, अस्तर लावलेल्या, आत दोन खिसे असलेल्या, चेन नीट चालणाऱ्या. हे मला येतं. आठ वर्षं करतेय आणि शिलाई उसवली म्हणून परत आलेल्या पिशव्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातली एक तर गिऱ्हाइकाच्या कुत्र्याने चावलेली होती, ती मी धरतच नाही. तर असं सगळं बरं चाललेलं असताना माझा भाचा सुट्टीत आला आणि म्हणाला, "मावशी, तू ऑनलाइन दिसतच नाहीस."

मी म्हटलं, मी कशाला दिसायला पाहिजे, पिशव्या दिसल्या म्हणजे झालं. फोटो टाकते की मी.

"फोटो कोण बघतं आता? व्हिडिओ कर. छोटासा. फोनवर. फुकट."

यातला 'फुकट' हा शब्द मी अजून विसरलेले नाही.

पहिला व्हिडिओ मी त्याला न विचारता एकटीनेच केला, म्हटलं त्यात काय एवढं. फोन आडवा धरला, टीव्ही आडवा असतो म्हणून. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला, समोर उभी राहिले आणि बोलले. 4 मिनिटं 10 सेकंद. नमस्कार मंडळी, मी अमुक, मला लहानपणापासून शिवणाची आवड, मग धंदा कसा सुरू झाला, मग कापडाचे प्रकार, मग आभार. पिशवी 3 मिनिटं 20 सेकंदांनंतर येते. भाच्याने तो फोन उभा धरून बघितला तर वरखाली सगळा काळा पडदा आणि मधे एक बारीकशी पट्टी, दाराच्या फटीतून कुणीतरी शेजारीण बोलतेय असं वाटत होतं. "मावशी, 16 बाय 9 नाही, 9 बाय 16," तो म्हणाला. आकडे तेच, फक्त उलटे, पण चेहरा असा केला की मी परीक्षेत नापास झालेय.

मग त्याने मला तो आलेख दाखवला. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघू नका, झोप जाते. आपला व्हिडिओ लोकांनी कुठपर्यंत बघितला त्याची रेघ असते. माझी रेघ डावीकडे वर सुरू होत होती आणि मग कड्यावरून ढकलून दिल्यासारखी खाली. नीट बघितलं तर ती जागा 'नमस्कार' आणि 'मंडळी' यांच्या मधली होती. म्हणजे मंडळी हा शब्द मी ज्यांना उद्देशून म्हटला त्यातले अर्धे तोवर उठून गेलेले होते. लहानपणीची आवड ऐकायला जे थांबले ते कोण, ते मला ओळखू आलं, त्यात एक माझी बहीण होती आणि एक मीच होते, दुसऱ्या फोनवरून.

राग आला, पण मग लक्षात आलं की मी तरी काय वेगळं करते? यूट्यूबवर जाहिरात लागली की 5 सेकंदांनी स्किपचं बटण येतं, मी ते येण्याआधीच अंगठा तिथे नेऊन ठेवते. त्या बिचाऱ्यांनी काय विकायला आणलंय ते मला आजवर माहीत नाही. आणि मी स्वतः लोकांना 3 मिनिटं 20 सेकंद थांबा म्हणत होते.

"हुक पाहिजे," भाचा म्हणाला. पहिल्या वाक्यालाच माणूस अडकला पाहिजे. त्याने हुक लिहून दिले. 'ही चूक तुम्हीपण करताय का?' 'पिशवी घेण्याआधी हे बघाच!' मी डोळे मोठे करून, आवाज खाली आणून ते म्हटलं. संध्याकाळी चुलत सासूबाईंचा फोन आला, काय झालं ग, कुणी फसवलं का? त्यांनी पण पुढचं बघितलं नव्हतं.

मग लाईट. मला वाटायचं उजेड म्हणजे उजेड. खिडकीपाशी छान उजेड असतो म्हणून खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, तर व्हिडिओत मागे लख्ख आभाळ आणि पुढे मी काळी सावली, ओळख लपवून जबानी देणारी साक्षीदार. 'मी ही पिशवी स्वतः शिवलीय,' असं साक्षीदार सांगते. खिडकी आपल्यासमोर पाहिजे, मागे नाही, एवढं समजायला एक अख्खी दुपार गेली. रात्री केला तर वेगळंच, भिंतीवर काळ्या पट्ट्या वरून खाली सरकायला लागल्या. मी म्हटलं फोन बिघडला. तर नाही, घरातल्या विजेवर काही दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 फेरे घेणारी असेल, तर कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पट्ट्या जातात. हे मी आता इतक्या ठसक्यात सांगतेय पण तेव्हा मी तीन बल्ब बदलले होते आणि नवऱ्याला वायरिंग तपासायला लावलं होतं.

पण खरा छळ आवाजाचा. चित्र जरा खराब असलं तर माणूस चालवून घेतो, आवाज घुमला की लगेच पळतो. आमच्या खोलीत मी बोलले की विहिरीतून बोलल्यासारखं यायचं. त्यात स्वतःचा आवाज ऐकणं ही वेगळीच शिक्षा. ही किरकिरी बाई कोण? मी अशी बोलते? नवरा म्हणाला, हो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज कानातून येतोच आणि कवटीच्या हाडांमधूनही येतो, त्यामुळे तो आपल्याला जरा भरदार लागतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडाचा भाग नसतो. म्हणजे गेली एवढी वर्षं माझा भरदार आवाज फक्त मलाच ऐकू येत होता आणि बाकी सगळे त्या किरकिऱ्या बाईबरोबर राहत होते. कुणी बोललं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

घुमण्यावर उपाय म्हणजे कपडे. मऊ कापड आवाज शोषून घेतं, भिंतीवरून तो परत येत नाही. भाचा म्हणाला, मावशी, तुझं कपाट. तर मी कपडे लटकवायच्या कपाटात आत डोकं घालून, एका हातात फोन, दुसऱ्या हातात लिहिलेला कागद, कोटाच्या बाहीला तोंड लावून बोलायला लागले. 'मजबूत शिलाई. टिकाऊ कापड. रोजच्या वापरासाठी उत्तम.' आवाज काय सुंदर आला म्हणून सांगू! तेवढ्यात वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं, ते थांबलं तर खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घ्यायला लागलं. मी तशीच वाट बघत उभी, डोकं कपाटात. नवरा एका माणसाला घेऊन घरात आला, फर्निचरचं काहीतरी बघायला. तो माणूस दारातच थांबला. आतून आवाज येतोय, 'रोजच्या वापरासाठी उत्तम... रोजच्या वापरासाठी उत्तम...' नवऱ्याने फक्त एवढंच म्हटलं, "मार्केटिंग." त्या माणसाने मान डोलावली पण परत आला नाही.

गाण्याचं तर विचारूच नका. भाच्याने एक ट्रेंडिंग गाणं निवडलं, सगळं त्या तालावर कापलं, पिशवी ठेक्यावर उघडते, ठेक्यावर मिटते. मग माझं अकाउंट बिझनेसचं केलं तर ते गाणं लायब्ररीतून गायब. व्यवसायासाठी गाणं वापरायचं लायसन्स वेगळं असतं, घरगुती अकाउंटला जे चालतं ते धंद्याला चालत नाही. ते योग्यच आहे म्हणा, माझ्या पिशवीचं डिझाइन कुणी उचललं तर मी पण भांडायला जाईन. पण मग जे गाणं फुकट मिळालं ते असं की लिफ्टमध्ये अडकल्यावर वाजावं. त्या तालावर पिशवी उघडली की काहीतरी दुःखद निघणार असं वाटायचं.

आणि अक्षरं! बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात म्हणून बोललेलं सगळं खाली लिहून टाकायचं. म्हणजे माझं कपाट फुकटच गेलं. बरं लिहिलं, सुबक लिहिलं, शेवटी मोठ्या अक्षरात 'ऑर्डरसाठी मेसेज करा'. व्हिडिओ टाकला, बघते तर त्याच जागेवर ॲपने माझं नाव, कॅप्शन, गाण्याची पट्टी सगळं आणून ठेवलेलं, आणि उजव्या कडेला लाईक, शेअरची बटणं. दिसत होतं फक्त 'ऑर्डरसा'. खालचा भाग आणि उजवी कड मोकळी सोडायची असते हे कुणीतरी आधी सांगायचं ना.

आठवा व्हिडिओ स्टुलाचा. पिशवी किती मजबूत ते दाखवायला मी तिच्यात विटा भरून, स्टुलावर चढून, ती वर धरणार होते. पिशवीला काही झालं नाही. स्टुलाचा पाय मोडला. मी विटांसकट कपड्यांच्या ढिगाऱ्यात गेले, लागलं काही नाही, पण जाताना तोंडातून जो आवाज निघाला तो कपाटाबाहेर असूनही अगदी स्वच्छ रेकॉर्ड झाला. भाच्याने मला न विचारता टाकला. आधीच्या सात व्हिडिओंना मिळून जेवढे व्ह्यूज नव्हते त्याच्या कितीतरी पट एका रात्रीत. अनोळखी माणसं हसतायत, एकमेकांना पाठवतायत. मी दोन दिवस फोन हातात धरून बसले, आता ऑर्डरी येणार. आली एकच चौकशी, स्टूल कुठल्या कंपनीचं होतं म्हणजे आम्ही घेणार नाही.

भाच्याचं म्हणणं होतं आता दर आठवड्याला पडायचं. मी म्हटलं, तू परत जा.

तो गेला नाही, उलट रात्री मला जुन्या गोष्टी वाचून दाखवत बसला, बहुतेक समजूत काढायला. यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ, 23 एप्रिल 2005 चा, 19 सेकंदांचा. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून सांगतो की यांच्या सोंडा लांब असतात. संपलं. टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात त्याहून जुनी, 1 जुलै 1941, न्यूयॉर्क, बुलोवा घड्याळांची. नकाशावर घड्याळ, वेळ दिसते, एक वाक्य, 10 सेकंदांत खेळ खलास. स्टूल नाही, हुक नाही, लहानपणीची आवड नाही. मी म्हटलं त्यांचं बरं होतं, घड्याळाचं काय, वेळ दाखवली की झालं. पिशवीने काय दाखवायचं?

हे बोलता बोलता मी मेसेजला उत्तरं देत होते, रोजची सवय, आणि बोटं आपोआप टाइप करत होती, 'हो, बसतो. 15.6 इंचीसुद्धा.' मग पुढचा मेसेज. 'हो, लॅपटॉप बसतो.' मग थांबले. वर सरकवत गेले. लॅपटॉप बसतो का, लॅपटॉप मावेल का, लॅपटॉपसाठी चालेल का, नुसतं 'लॅपटॉप?' असंसुद्धा एकाने विचारलं होतं. वर्षभर. मी प्रत्येकाला उत्तर दिलंय आणि आठ व्हिडिओंमध्ये एकदाही पिशवीत लॅपटॉप घातलेला नाही. विटा घातल्या!

कारण मला माहीतच होतं ना बसतो ते. मीच माप घेऊन शिवलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीसमोर टेबल, टेबलावर पिशवी, फोन वरून खाली बघणारा. माझं तोंड नाही, आवाज नाही, गाणं नाही. नुसते हात. डाव्या तर्जनीवर सुईचे ठिपके होते, ते क्रीम लावून लपवावेत का असा एक विचार आला, मग जाऊ दे म्हटलं. उजव्या हाताने लॅपटॉप आत सरकवला, दोन बोटं जागा उरते ती दाखवली, चेन ओढली. आणि चेन अडकली. अस्तराचा एवढासा कोपरा दात्यात गेला. आठ वर्षांत! मी हलकेच मागे ओढली, अस्तर सोडवलं, परत पुढे नेली. भाचा म्हणे हे ठेव मावशी, खरं वाटतं, विश्वास बसतो लोकांचा. मी म्हटलं, लोकांचा बसेल, माझा उठेल. माझ्या पिशव्यांची चेन अडकत नाही. तो शॉट उडवला, ते अस्तर उसवून पाव इंच मागे घेतलं, परत शिवलं आणि मग पुन्हा शूटिंग. बाकीच्या सगळ्या पिशव्या पण त्या दुपारी काढून तपासल्या, ते व्हिडिओत कुठे नाही.

11 सेकंदांचा झाला. पहिल्याच सेकंदाला लॅपटॉप हातात दिसतो. वरच्या बाजूला, बटणांपासून लांब, एकच ओळ, '15.6 इंची लॅपटॉप बसतो.'

व्ह्यूज स्टुलाच्या पासंगालाही नाहीत. आलेखाची रेघ मात्र बरीचशी आडवी, जराशी उतरती, मी ती झोपायच्या आधी दोनदा उघडून बघितली. त्या आठवड्यात सहा ऑर्डरी आल्या, चार जणांनी तर काही विचारलंच नाही, सरळ पत्ता पाठवला. मला जरा चुकल्यासारखं झालं, इतक्या वर्षांची 'हो, बसतो' म्हणायची सवय.

मशीनवर बसले होते, फोन वाजला. व्हिडिओखाली नवीन कमेंट. 'छान आहे. चार्जरपण बसतो का?'

मी पाय थांबवला आणि आतल्या खोलीकडे बघून भाच्याला हाक मारली, "अरे, ट्रायपॉड उघड. आणि चार्जर कुठेय आपला?"